पद्मिनीतील वाढीव स्विचचे वायरिंग: कामाच्या नोंदी

रविवार, 5 जानेवारी 2025

या नोंदी 1989 सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या कामाच्या आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 च्या मूळ आराखड्यावर बनणाऱ्या या गाडीला 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले आणि तिचे 1,089 सीसीचे इंजिन व साधी 12 व्होल्टची यंत्रणा शेवटपर्यंत फारशी बदलली नाही. कारखान्याने वायरिंगची आखणी केली तेव्हा विजेवर चालणाऱ्या वस्तू मोजक्याच होत्या: हेडलाइट, पार्किंगचे आणि मागचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि इग्निशन. त्यानंतरच्या काळात वेगवेगळ्या मालकांनी आपापल्या गरजेनुसार तीत भर घातली आणि त्या प्रत्येक भरीसोबत डॅशबोर्डखाली एक स्विच वाढत गेला.

आज असे पाच स्विच मोजले: फॉग लॅम्पचा, केबिनमधल्या पंख्याचा, स्टीरिओचा, मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा आणि अनेक सुरांत वाजणाऱ्या हॉर्नचा. शेवटच्याचा निर्णय सोपा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 119 प्रमाणे असा एकामागून एक सूर काढणारा हॉर्न खासगी गाडीला चालत नाही, त्यामुळे तो स्विच, त्याचा कॉम्प्रेसर आणि त्याची वायर हे सर्व निघेल. उरलेल्या चार वस्तू ठेवायच्या आहेत, परंतु त्यांचे वायरिंग बॅटरीपासून नव्याने करायचे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवले. हा क्रम पाळलाच पाहिजे. गाडीचा संपूर्ण पत्रा ऋण टर्मिनलला जोडलेला असल्याने धन टर्मिनल आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते आणि काही शे अँपिअरचा प्रवाह त्या पान्यातून वाहतो. ऋण टर्मिनल आधी निघाले, की मग पाना कुठेही टेकला तरी परिपथ पूर्ण होत नाही. जोडताना याच्या उलट, म्हणजे ऋण टर्मिनल सर्वांत शेवटी जोडायचे. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ या कामापुरते काढून ठेवलेले बरे.

शनिवार, 11 जानेवारी 2025

काहीही उपसण्याआधी आहे त्या स्थितीची मापे घेऊन ठेवावीत असे मला वाटते, कारण नंतर सुधारणा झाली की नाही हे ताडून पाहायला दुसरे साधन राहत नाही. म्हणून आज बॅटरी पुन्हा जोडून दोन मापे घेतली.

पहिले माप बंद गाडीतल्या गळतीचे. सर्व स्विच बंद, दारे बंद, किल्ली बाहेर, आणि मल्टिमीटर अँपिअरच्या श्रेणीवर ठेवून बॅटरीचे ऋण टर्मिनल व त्याची केबल यांच्यामध्ये मालिकेत जोडलेला, म्हणजे सगळा प्रवाह त्याच्यातूनच जाईल असा. काटा 180 मिलिअँपिअरवर थांबला. ज्या गाडीत संगणक नाही, त्या गाडीत हा आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. स्टीरिओची स्मृती जपण्यासाठी फार तर दहा-वीस मिलिअँपिअर समजता येतील. 180 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सव्वाचार अँपिअर-तासांहून अधिक, आणि या हिशेबाने 35 अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात जवळजवळ रिकामी होते. गाडी आठवडाभर उभी राहिली की सोमवारी स्टार्टर का कण्हतो, याचे उत्तर इथेच मिळाले. वायरी एकेक सोडवत गेल्यावर गळतीचा मोठा भाग चार्जरच्या सॉकेटकडे निघाला, कारण त्याचा स्विच केवळ शोभेचा होता आणि सॉकेटला जाणारी वायर त्याला वळसा घालून थेट बॅटरीवरून आली होती.

हे माप घेताना मीटर जोडलेला असताना स्टार्टर चुकूनही फिरवू नये. स्टार्टरला शंभरहून अधिक अँपिअर लागतात आणि साध्या मल्टिमीटरची मर्यादा दहा अँपिअरची असते.

दुसरे माप फॉग लॅम्पचे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बॅटरीवर 13.6 व्होल्ट मिळाले, तर दिव्याच्या होल्डरवर केवळ 11.1. वाटेत अडीच व्होल्ट हरवत होते. ते कुठे हरवतात हे शोधण्यासाठी मीटरच्या दोन पिना प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही बाजूंना टेकवत गेलो. दिवे जळत असतानाच हे माप घ्यायचे असते. भार नसताना कुजका सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. स्विचच्या दोन पिनांमध्ये 0.9 व्होल्ट, दिव्यापासून पत्र्यापर्यंतच्या अर्थमध्ये (प्रवाहाच्या परतीच्या जोडात) 0.7 व्होल्ट आणि उरलेले लांबलचक बारीक वायरीत, अशी वाटणी निघाली. क्लॅम्प मीटरवर प्रवाह सुमारे 9 अँपिअर दिसत होता. म्हणजे काडेपेटीहून लहान असलेल्या त्या प्लॅस्टिकच्या स्विचमध्ये आठ वॅट उष्णता सतत तयार होत होती. हात लावल्यावर तो चटका बसण्याइतका तापला होता.

हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, तर त्याहून पुष्कळ वेगाने उतरतो. साधारण साडेतीनव्या घाताच्या जवळपासचे हे नाते असल्याने व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश तीस टक्के घटतो. आंबा घाटातल्या धुक्यात हे दिवे पिवळट आणि निस्तेज का वाटत होते, हे त्यामुळे उघड झाले.

रविवार, 12 जानेवारी 2025

आज डॅशबोर्डखालचे सर्व वाढीव वायरिंग बाहेर काढले. प्रत्येक वायरीला काढण्याआधी कागदी चिठ्ठी बांधली आणि कच्ची आकृती वहीत उतरवून घेतली. मूळ हार्नेसला, म्हणजे कारखान्यातून आलेल्या वायरींच्या जुडग्याला, कुठेही कात्री लावलेली नाही.

जे दिसले ते सविस्तर लिहिण्यासारखे आहे, कारण जुन्या गाड्यांमध्ये हे सगळीकडे थोड्याफार फरकाने आढळते. फॉग लॅम्पचा स्विच हा घरातल्या उपकरणांत वापरतात तसला रॉकर स्विच होता आणि त्याच्या पाठीवर 16 अँपिअर, 250 व्होल्ट एसी असे छापलेले होते. सोळा अँपिअर वाचून कोणालाही वाटेल की 9 अँपिअरला तो सहज पुरेल. पण हा आकडा एसी प्रवाहासाठी आहे. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या एसी पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना संपर्कबिंदूंमध्ये पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी लांबत जाते आणि संपर्काचा धातू हळूहळू जाळते. त्यात दिव्याची तार थंड असताना तिचा रोध गरम तारेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह एकदम धावतो आणि संपर्क वितळून एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून स्विच घेताना त्यावर 12 व्होल्ट डीसीसाठीचा आकडा वेगळा छापलेला आहे का, हे पाहावे. तो नसेल तर तो स्विच गाडीसाठी बनलेला नाही असेच समजावे.

घरगुती स्विचमधला लाल दिवाही गाडीत कधी लागला नव्हता. तो निऑनचा असतो आणि त्याला पेटायला साठ-सत्तर व्होल्टच्या वर लागतात.

यापेक्षा गंभीर बाब फ्यूजची निघाली. या गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये चिनी मातीच्या अंगावरून धातूची पातळ पट्टी गेलेले जुन्या पद्धतीचे फ्यूज आहेत. त्यांपैकी एकाची पट्टी जळल्यावर कोणीतरी तिच्यावरून वायरीतल्या चार तारा पिळून गुंडाळल्या होत्या आणि फॉग लॅम्प, पंखा व स्टीरिओ असे तिन्ही त्याच फ्यूजवर टाकले होते. 0.3 मिलिमीटर व्यासाची तांब्याची एकच तार वितळायला सुमारे 13 अँपिअर लागतात. चार तारा एकत्र असतील तर चाळीस-पन्नास अँपिअरपर्यंत तो तथाकथित फ्यूज काहीच करणार नाही. आणि त्याच्यापुढे जोडलेली वायर होती एक चौरस मिलिमीटरची. अशा वायरीतून 50 अँपिअर गेले तर प्रत्येक मीटरमागे चाळीसहून अधिक वॅट उष्णता तयार होते, तिचे पीव्हीसी आवरण मऊ होऊन गळू लागते आणि शेजारच्या वायरींची आवरणेही सोबत जातात. फ्यूज आणि वायर यांच्यात आधी कोण जळणार हे तिथे उलटे झालेले होते.

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, वायर आत आणण्यासाठी पाडलेल्या भोकाला रबरी ग्रोमेट (वायर धारेला घासू नये म्हणून बसवायचे कडे) नव्हते. पत्र्याच्या धारेने आवरण अर्ध्यापर्यंत कापले होते आणि नेमकी ती वायर बॅटरीवरून विनाफ्यूज आलेली होती. या गाडीत आग लागली असती तर ती इथून लागली असती, याबद्दल मला शंका नाही.

शनिवार, 18 जानेवारी 2025

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन सामान आणले. तिथे गाड्यांचे वायरिंग करणारे एक वयस्कर वायरमन आहेत. त्यांच्याकडे आकृती घेऊन गेलो होतो. मी विचारले, ‘काका, फॉग लॅम्पला पंधराचा फ्यूज पुरेल का?’ त्यांनी आकृती बाजूला सरकवली आणि म्हणाले, ‘पुरंल की. पण वायर कसली लावणार, ते आधी सांगा.’

सगळी आखणी या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवी. फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठी नसतो. दिवा शॉर्ट झाला तर तो गेलेलाच असतो. फ्यूज असतो तो वायरीसाठी, म्हणून त्याचा आकडा वायरीला निर्धोकपणे सोसणाऱ्या प्रवाहापेक्षा कमी आणि भाराच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडा जास्त असला पाहिजे, आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ, एका वितीच्या आत असला पाहिजे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कोणाच्याही संरक्षणाखाली नसतो. तो जितका आखूड तितके बरे.

55 वॅटचे दोन दिवे मिळून 110 वॅट. बारा व्होल्टला हा प्रवाह 9.2 अँपिअर होतो आणि इंजिन चालू असताना व्होल्टेज वाढल्याने तो दहाच्या थोडा वर जातो. यासाठी 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि 15 अँपिअरचा निळा ब्लेड फ्यूज घेतला. तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे 7 मिलिओहम असतो, त्यामुळे तीन मीटरच्या वाटेत दहा अँपिअरला 0.2 व्होल्ट जातात, जे मान्य करता येतात. पंख्याला चालताना सव्वा अँपिअर लागतो, चार्जरच्या सॉकेटला दोन अँपिअरच्या आत आणि स्टीरिओला आवाज मोठा केला तरी तीन-चार. या तिन्हींसाठी एक चौरस मिलिमीटरची वायर आणि अनुक्रमे 5, 5 व 7.5 अँपिअरचे फ्यूज.

वायर घेताना घरगुती वायर टाळली. गाडीच्या वायरीसाठी आपल्याकडे आयएस 2465 हे वेगळे मानक आहे. तिच्यात बारीक तारा पुष्कळ असल्याने ती सतत हादरत राहिली तरी चटकन तुटत नाही. दुकानात तिच्या रिळावर 14/0.30 असे लिहिलेले असते, म्हणजे 0.30 मिलिमीटरच्या चौदा तारा, आणि त्यांचे क्षेत्रफळ एक चौरस मिलिमीटर भरते. रंग चार घेतले, जेणेकरून पुढे कोणीही बॉनेट उघडले तरी कोणती वायर कशाची हे आकृतीशिवाय कळावे.

एकूण भाराचा हिशेबही करून पाहिला. या गाडीत डायनामोच्या जागी आधीच्या मालकाने सुमारे 35 अँपिअर क्षमतेचा ऑल्टरनेटर बसवलेला आहे; इंजिनवर फिरून वीज तयार करण्याचे काम दोन्हींचे. पावसाळी रात्री हेडलाइट 110 वॅट, बाकीचे बाहेरचे दिवे 25, वायपर आणि इग्निशन प्रत्येकी 40, फॉग लॅम्प 110, पंखा 15 आणि चार्जर 20 असे धरले तर 360 वॅट होतात. साडेतेरा व्होल्टला हे सत्तावीस अँपिअरच्या आसपास जाते. धावत्या गाडीत हे भागते. परंतु इंजिन आयडलवर असताना ऑल्टरनेटर पूर्ण क्षमतेने देत नाही, तेव्हा उभ्या गाडीत फॉग लॅम्प लावून ठेवणे बॅटरीच्या मुळावर येते. ज्यांच्या गाडीत अजून डायनामो आहे, त्यांनी तर हा हिशेब केल्याशिवाय एकही दिवा वाढवू नये.

रविवार, 26 जानेवारी 2025

स्विचसाठी पट्टी तयार केली. मूळ डॅशबोर्डच्या पत्र्याला भोक पाडायचे नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. दोन मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून एक आडवी पट्टी कापून, तिच्यात 37 बाय 21 मिलिमीटरचे चौकोनी खाच करून, ती डॅशबोर्डखालच्या आधीच्याच स्क्रूंवर बसवली. खाचांच्या कडा कानशीने गुळगुळीत केल्या. पट्टी गुडघ्याला लागणार नाही आणि गिअरच्या दांड्याच्या आड येणार नाही, अशी जागा बसून पाहूनच निश्चित केली. अपघातात गुडघा आदळण्याची जागा स्विचसाठी निवडणे योग्य नव्हे.

रविवार, 2 फेब्रुवारी 2025

या कामाचा गाभा रिलेचा, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा आहे आणि आजचा दिवस त्यातच गेला.

फॉग लॅम्पचे दहा अँपिअर केबिनमध्ये आणायचेच नाहीत, अशी रचना केली आहे. बॅटरीजवळ बसवलेल्या फ्यूज बॉक्समधून निळ्या फ्यूजमार्गे जाड वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनेला येते आणि 87 क्रमांकाच्या पिनेवरून दिव्यांकडे जाते. हा सगळा प्रवास बॉनेटखालीच संपतो. रिलेच्या 85 आणि 86 या पिनांमध्ये त्याची कॉइल (तारेचे वेटोळे) असते. तिचा रोध ऐंशी-नव्वद ओहमच्या आसपास असल्याने तिला 150 मिलिअँपिअर पुरतात. केबिनमधला स्विच फक्त एवढाच प्रवाह चालू-बंद करतो. त्यामुळे स्विच तापण्याचा, त्याचे संपर्क जळण्याचा आणि जाड वायर फायरवॉलमधून आत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. हे क्रमांक जर्मन डीआयएन 72552 या मानकातून आलेले आहेत आणि बहुतेक सर्व कंपन्यांच्या रिलेवर तेच आढळतात: 30 म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा, 31 म्हणजे अर्थ, 15 म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारा पुरवठा. पाच पिनांच्या रिलेत 87a ही एक जास्तीची पिन असते आणि ती रिले बंद असताना जिवंत राहते. दिवा चुकून तिला जोडला तर तो स्विच बंद केल्यावर लागतो. या कामाला चार पिनांचा रिले पुरेसा आहे.

कॉइलचा पुरवठा पार्किंगच्या दिव्यांच्या वायरीवरून घेतला. यामुळे पार्किंगचे दिवे बंद असताना फॉग लॅम्प लागतच नाहीत आणि दिवे विझवले की तेही विझतात. मूळ परिपथावर यातून पडणारा भार 150 मिलिअँपिअरचा, म्हणजे नगण्य आहे.

पंखा, स्टीरिओ आणि चार्जर यांच्यासाठी दुसरा रिले. त्याची कॉइल इग्निशन स्विचच्या पुरवठ्यावर आहे आणि तो बॅटरीवरून आलेला 20 अँपिअरच्या फ्यूजचा पुरवठा, तितक्याच जाड वायरीने, केबिनमधल्या छोट्या फ्यूज बॉक्सपर्यंत पोहोचवतो. जुन्या गाडीचा इग्निशन स्विच स्वतःच थकलेला असतो आणि त्याच्या पाठीवर आणखी भार लादणे हे मला या सर्व प्रकारांतले सर्वांत घातक वाटते, कारण तो भर रस्त्यात निकामी झाला तर इंजिनच बंद पडते. इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या वायरीवरून काहीही घ्यायचे नाही, हा नियमही याच कारणासाठी पाळला.

दोन्ही रिलेंच्या कॉइलवर एकेक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलट्या दिशेने जोडला आहे. कॉइलचा प्रवाह तोडला की तिच्यातले चुंबकक्षेत्र कोसळते आणि क्षणभर शंभरहून अधिक व्होल्टचा उलट धक्का निर्माण होतो. स्टीरिओ आणि चार्जर यांच्यातील इलेक्ट्रॉनिक भागांना तो सोसत नाही. डायोडचा पट्टा धन बाजूला यायला हवा. तो उलट लागला तर स्विच दाबताच शॉर्ट होऊन फ्यूज उडतो.

शनिवार, 8 फेब्रुवारी 2025

सांधे आणि थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे जोड. प्रत्येक सांधा योग्य मापाच्या थिंबलने, रॅचेट असलेल्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबला आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवली. लाल थिंबल दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या वायरीला, निळी अडीचपर्यंत आणि पिवळी चार ते सहाला, असा रंगांचा ठरलेला संकेत आहे. साध्या पक्कडीने चेपलेली थिंबल हाताने ओढल्यावर बहुतेकदा निघून येते, म्हणून मी प्रत्येक थिंबल ओढून पाहिली.

नुसत्या झाळकामावर सांधा सोडू नये, असे माझे मत आहे. कथील तारांमध्ये आवरणाखाली शिरते आणि जिथे ते संपते तिथे वायर कडक होते. गाडीच्या हादऱ्यांनी तार नेमकी तिथे तुटते. वायरीचे आवरण टोचून जोड देणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांनाही या गाडीत जागा दिलेली नाही, कारण त्यांची पाती काही तारा कापतात आणि पावसाळ्यात त्या फटीतून पाणी शिरते.

अर्थसाठी दिव्याजवळच्या पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून उघड्या धातूवर दातेरी वॉशरसह बोल्ट आवळला आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावले. त्याच ओघात इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थपट्टीही तपासली. ती अर्धी कुजलेली होती. ही पट्टी तुटली तर स्टार्टरचा प्रवाह परतीसाठी चोकची किंवा अॅक्सिलरेटरची केबल शोधतो आणि ती केबल लाल होऊन जळते. नवी पट्टी बसवली.

रविवार, 9 फेब्रुवारी 2025

वायरींची वाट आखून पक्की केली. पन्हाळीदार प्लॅस्टिकच्या नळीत घातलेल्या वायरी एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून हातभर दूर, पेट्रोलच्या पाइपच्या विरुद्ध बाजूने आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून बाजूला नेल्या. फायरवॉलच्या जुन्या भोकाला रबरी ग्रोमेट बसवले. आत शिरण्यापूर्वी नळीला खाली झोल ठेवला, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत न जाता तिथून टपकते. पेडलच्या वरच्या भागात एकही वायर लोंबती राहिलेली नाही, हे टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिले.

शनिवार, 15 फेब्रुवारी 2025

नव्या रॉकर स्विचना तीन पिना आहेत आणि या तिसऱ्या पिनेबद्दल सावध राहायला हवे. पहिली पिन पुरवठ्याची, दुसरी भाराकडे जाणारी आणि तिसरी स्विचच्या आतल्या छोट्या दिव्याच्या अर्थची असते. भाराची वायर आणि अर्थची वायर यांची अदलाबदल झाली, तर स्विच दाबताच पुरवठा थेट अर्थला जातो. पितळी रंगाची पिन बहुधा अर्थची असते, पण मी त्यावर विसंबलो नाही. बॅटरीशिवाय, मल्टिमीटरच्या रोधाच्या श्रेणीवर स्विच दाबून-सोडून प्रत्येक पिन ओळखली आणि मगच जोडली. स्विचच्या मागच्या सर्व पिनांवर आवरण असलेल्या थिंबल आहेत, त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा खाली पडून त्यांना टेकला तरी काही होणार नाही.

पंख्यासाठी वेगळा रिले दिला नाही. सव्वा अँपिअरला 12 व्होल्ट डीसीला दहा अँपिअर सोसणारा स्विच पुरेसा आहे. तरी मोटर अडकली तर तिचा प्रवाह कित्येक पट वाढतो, हे लक्षात घेऊन पंख्याचे पाते हाताने धरून पाहिले: प्रवाह चार अँपिअरच्या जवळ गेला. पाच अँपिअरचा फ्यूज अशा वेळी लगेच उडणार नाही, पण एक चौरस मिलिमीटरच्या वायरीला चार अँपिअर जड नाहीत. मोटर जळू शकते, वायर नाही, आणि एवढे मला मान्य आहे.

रविवार, 23 फेब्रुवारी 2025

बॅटरी जोडण्याचा दिवस. थेट केबल आवळण्याऐवजी प्रथम सर्व फ्यूज काढले आणि ऋण टर्मिनल व केबल यांच्यामध्ये 21 वॅटचा साधा बल्ब मालिकेत जोडला. कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे वायर जळण्याआधी दोष कळतो. बल्ब पेटला नाही. त्यानंतर एकेक फ्यूज बसवत, प्रत्येक वेळी बल्बकडे पाहत पुढे गेलो. सर्व फ्यूज बसल्यावर बल्ब काढून केबल आवळली.

मग जानेवारीतली मापे पुन्हा घेतली. बंद गाडीतली गळती 9 मिलिअँपिअर, ती केवळ स्टीरिओच्या स्मृतीची. बॅटरीवर 13.6 व्होल्ट असताना फॉग लॅम्पच्या होल्डरवर 13.2. आधीचे 11.1 आणि आताचे 13.2 यांची तुलना वर लिहिलेल्या नात्याने केली, तर पूर्वी हे दिवे आताच्या सुमारे पंचावन्न टक्केच प्रकाश देत होते असे निघते. दिवे तेच आहेत, काचा त्याच आहेत. अर्धा तास दिवे चालू ठेवून सर्व थिंबल, फ्यूज आणि रिले यांना हात लावून पाहिले; रिले कोमट होता, बाकी काही तापले नव्हते.

एलईडी दिवे का लावले नाहीत, असे विचारले जाईल. त्यांना प्रवाह कमी लागतो हे खरे आहे. पण जुन्या परावर्तकात एलईडीचा बल्ब बसवला, की प्रकाशझोताची रेषा बिघडते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय एलईडी लावले म्हणून फ्यूज आणि वायर यांच्यात सूट मिळत नाही.

आकृती स्वच्छ काढून, फ्यूजचे आकडे आणि वायरींचे रंग लिहून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे. सोबत प्रत्येक मापाचे दोन जादा फ्यूज आहेत.

रविवार, 22 जून 2025

पाऊस लागल्यानंतरची पहिली तपासणी. गेल्या आठवड्यात आंबा घाटात दाट धुके आणि सतत पाऊस अशा स्थितीत फॉग लॅम्प तासभर चालू होते. आज होल्डरवर 13.0 व्होल्ट मिळाले, म्हणजे फेब्रुवारीपेक्षा 0.2 व्होल्ट कमी. टप्प्याटप्प्याने पाहिल्यावर ही घट डाव्या दिव्याच्या अर्थमध्ये सापडली. बोल्टवरचे व्हॅसलीन पाण्याच्या माऱ्याने धुऊन गेले होते आणि वॉशरखाली हिरवट थर धरू लागला होता. सांधा उघडून घासला, बोल्ट बदलून गंजरोधक मुलामा असलेला घातला आणि या वेळी व्हॅसलीनऐवजी जाड ग्रीस भरून वरून रबरी टोपी लावली. होल्डरवर पुन्हा 13.2 व्होल्ट आले. उजव्या बाजूलाही तोच बदल केला.

फायरवॉलजवळचा झोल कोरडा होता आणि केबिनच्या बाजूची नळीही कोरडी होती. रिलेचा आधार मात्र चाकाच्या बाजूने उडणाऱ्या पाण्याच्या वाटेत येतो, असे चिखलाच्या शिंतोड्यांवरून दिसले. रिले उलटे करून त्यांच्या पिना खाली येतील असे बसवले आहेत. त्यांच्यासमोर पातळ पत्र्याची एक आड लावायची आहे, ती पुढच्या रविवारी.